बारदान उचलायला आलेली बाई

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी मोबाइलकडे जातो, आलेले फॉरवर्ड पुसायला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या दुपारी कल्याणहून ठाण्याजवळच्या बाळकुमला जाताना जेवढा घाबरलो, तेवढा फार कमी वेळा घाबरलो. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना एकमेकांना तोंड दाखवायचं असतं.

तेव्हा मी कल्याणच्या शहाडकडच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी रडारड ऐकू आली. पोलीस ठाण्यात रडणं रोजचंच, त्यासाठी डबा झाकायचा तर माणूस उपाशी मरेल. पण हे लहान मुलाचं रडणं होतं, आणि तेही भुकेचं. मी उठलो.

टेबलासमोर दोघी होत्या. एक शहाडच्या चाळीत राहणाऱ्या काकू, तिथल्या महिला बचत गटाच्या प्रमुख. दुसरी वयस्कर, काटक बाई, चिखलदऱ्याकडच्या डोंगरातल्या एका गटाची अध्यक्ष. तिच्या कडेवर दीडेक वर्षाची मुलगी होती आणि ती टाहो फोडत होती. ही पोर तिची नव्हे. पोरीची आई त्याच गटातली, दोघी काकूंकडे उतरल्या होत्या; ती सकाळी बाळकुमला गेली होती, परतली नव्हती आणि तिचा फोन बंद होता.

"साहेब, माझ्या मोबाइलवर फोन आलेला," काकू म्हणाल्या. "माणूस अगदी हळू बोलत होता. म्हणाला, 'तुमच्या बाईला बाळकुमला उचललंय, लवकर या.' नि ठेवला. मी परत लावते तर बंद. काहीतरी करा ना!"

"तुमचा नंबर त्याच्याकडे कसा?"

"कॉफीच्या पाकिटावर छापलाय. तिच्या पिशवीत पाकिटं असतात."

चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कॉफी म्हणजे दक्षिणेकडची, एवढंच आमचं ज्ञान. काकूंनी घाईघाईत सांगितलं ते असं. डोंगरातल्या त्या बायकांची घरटी थोडी थोडी कॉफीची झाडं. व्यापारी येऊन ओलं फळ मातीमोल भावात न्यायचा. मग बायकांनी गट केला, दर महिन्याला बचत टाकली आणि त्या पैशातून एकमेकींना धंद्यासाठी उचल दिली. कुणी वाळवणाचे मांडव घातले, कुणी साल काढायचं यंत्र आणलं. या बेपत्ता बाईनं भाजायचा ड्रम घेतला. काकूंचा गट इकडे पाकिटं भरून विकायचा, आणि थोडा माल बाळकुम नाक्यावरचा एक दुकानदार पोत्यानं घ्यायचा.

"गटातली पयली उचल तिनंच घेतली जी," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आमचे हवालदार पुढे झाले. "साहेब, सरळ आहे. पैसे उचलले आणि पळाली."

"अहो हवालदारसाहेब!" काकू कडाडल्या. "उचल म्हणजे कर्ज! आमच्यात सगळ्याच उचलतात नि फेडतात. चोर समजलात की काय?"

अध्यक्षबाईंनी पोरीला खांदा बदलून घेतलं. "ते लेकराले सोडून जानारी नाही, साहेब. अंगावर पाजते अजून. लवकर चाला, हात जोडते."

मी मनातून तो संशय काढून टाकला. दूध पिणारं मूल मागे ठेवून पळालेली बाई मी तरी नोकरीत पाहिली नव्हती.

मिसिंगची नोंद घ्यायला सांगितली आणि नियंत्रण कक्षाला फोन लावला. 'उचललं' हा शब्द आम्ही पोलीस कसा वापरतो ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधी विचारलं, आपल्याच कुठल्या पोलीस ठाण्यानं अशी बाई ताब्यात घेतली आहे का? उत्तर आलं, नाही. म्हणजे उचलणारे आम्ही नव्हतो. मग राहिलं अपहरण. बाळकुम ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं तिथल्या अधिकाऱ्याला कळवलं. त्यांचा बंदोबस्त एका सभेला गेला होता, तरी दोन माणसं पाठवतो म्हणाले. मी एक महिला शिपाई आणि त्या हवालदारांना घेऊन जीपमध्ये बसलो. अध्यक्षबाई न विचारताच मागे चढल्या, पोर कडेवर घेऊन. त्यांना उतरवायला माझी जीभ रेटली नाही.

भिवंडीच्या रस्त्यावर कंटेनरच कंटेनर. सायरन वाजवून उपयोग काय, बाजूला व्हायला जागा तर पाहिजे! काशेळीचा पूल येईपर्यंत माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. परकी तरुण बाई, मराठी तोडकंमोडकं, घरची भाषा कोरकू, काकूंखेरीज शहरात कुणी ओळखीचं नाही. आणि मागे ती पोर. रडून रडून तिचा आवाज बसला होता, आता नुसते हुंदके येत होते. खरं सांगतो, तिचं रडणं परवडलं होतं, ते हुंदके ऐकवेनात.

बाळकुम नाक्यावर दुकानदार गल्ल्यावरच सापडला. सकाळी ती त्याच्याकडेच आली होती, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर. मी दारातूनच विचारलं, "चिखलदऱ्याची बाई. खरं बोल. उचललंस?"

"हो साहेब," तो शांतपणे म्हणाला. "गेल्या खेपेलाच उचललं."

हवालदारांनी त्याची कॉलर धरली. माझंही डोकं सणकलं. "कुठे ठेवलंय?"

"ठेवतोय कुठे? निम्मं विकलं, निम्मं आत आहे."

"काय बोलतोस, शुद्धीवर आहेस का?"

"माल, साहेब, माल! कॉफी! अजून काय उचलणार मी?" बिचारा घामाघूम झाला. "आज ती रिकामं बारदान न्यायला आलेली. पोती परत दिली की त्यांचा खर्च वाचतो ना. पोती खांद्यावर टाकली नि गेली. बसस्टॉप विचारत होती. मी म्हटलं, मागच्या सोसायटीच्या कडेनं जा, जवळ पडेल."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस आधी आपल्याकडे बघतो आणि मग बोलतो. हा बोलून झाल्यावर बघत होता. मी कॉलर सोडायला सांगितली. एवढ्यात महिला शिपायाचा मोबाइल वाजला. तिनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"साहेब, माझ्या वहिनीनं फॉरवर्ड केलंय. बाळकुमचंच आहे."

तो व्हिडिओ होता. खाली लिहिलं होतं, 'सावधान, पोरं उचलणारी बाई पोत्यांसकट पकडली.' त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांनी सगळीकडे नुसता उच्छाद मांडला होता. अशा जमावानं माणसाची काय गत केलेली असते, ते मी एका गावाबाहेर प्रेताच्या पंचनाम्याला उभा राहून पाहिलं होतं. व्हिडिओत आमची बेपत्ता बाई भिंतीला टेकून उभी होती, छातीशी पोती कवटाळलेली. चहूबाजूंनी आवाज येत होते.

"कशाला आलीस इथं?"

"उचलाले आली जी."

"ऐका, ऐका! कोणी पाठवलं?"

"गटानं. आमचा गट हाय."

"टोळी आहे, टोळी! किती जण आहात?"

"लय हावो. सगळ्या बायाच."

बिचारी खरं तेच सांगत होती आणि एकेका उत्तरानं स्वतःच्या गळ्याभोवती फास आवळत होती.

दुकानामागच्या सोसायटीच्या फाटकाशी शंभरेक माणसं होती. पाठवलेले दोन शिपाई पोचले होते, पण तिला कोंडलेल्या पंपाच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभं राहण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. त्यांनी ते केलं, हेच खूप. जमावाच्या हातात काठ्या, बॅट, एकाकडे तर झाडं छाटायची कात्री. आणि ही माणसं कोण? सकाळी टिफिन घेऊन ऑफिसला जाणारी, सणाला वर्गणी काढणारी. अर्ध्या पँटीतला एक गृहस्थ पुढे आला. "साहेब, तिनं स्वतः कबूल केलंय. रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे. तुम्ही नेणार, उद्या सोडणार. आमच्या मुलांचं काय?"

"मूल कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठलं?"

"जे उचललं ते. फिर्याद द्यायची ना? मग मूल दाखवा."

थोडी कुजबुज झाली. मग एक तरुण आई तीनेक वर्षांच्या मुलाला घेऊन आली, रडून लाल झालेली. तिनं स्वतः काही पाहिलं नव्हतं. फोनवर बोलत होती, आरडाओरडा झाला तेव्हा वळली, तर मूल त्या बाईच्या हातात. मी गुडघ्यावर बसून मुलाकडे पाहिलं. त्याच्या गुडघ्याला एक पट्टी बांधली होती. हिरव्या कापडाची, बारीक पिवळ्या काठाची. दवाखान्यातली नव्हे.

"हे कोणी बांधलं?"

आई गोंधळली. "मला वाटलं शेजारच्या ताईंनी."

शेजारच्या ताईंनी नकारार्थी मान हलवली.

पंपाची खोली उघडायला लावली. ती आत कोपऱ्यात बसली होती. ओठ फुटला होता, केस सुटले होते, पोती तशीच छातीशी. तिच्या पदराचा कोपरा फाडलेला होता. हिरवा पदर, बारीक पिवळा काठ. मी महिला शिपायाला तिला बाहेर आणून पदराचा तो कोपरा मुलाच्या गुडघ्याशी धरायला सांगितलं. सगळ्यांनी पाहिलं. अर्ध्या पँटीतल्या गृहस्थांनीही पाहिलं.

तेव्हा कुठे मागून वॉचमन पुढे आला. "साहेब, पोरगं घसरगुंडीवरून पडलेलं. बाईनं उचललं, बांधलं, गप्प केलं. मी बघितलं ना." मग खाली मान घालून म्हणाला, "पाकिटावरच्या नंबरवर मीच फोन केलेला. इथं बोललो असतो तर नोकरी गेली असती."

जीपमधून अध्यक्षबाई उतरल्या तेवढ्यात पोरीनं आईला पाहिलं आणि बसलेल्या आवाजात अशी काही किंचाळली की काठी धरलेल्या माणसांनी वाट दिली. ती बाई तिथंच जमिनीवर बसली, पोरीला पदराखाली घेतलं आणि मग पहिल्यांदा रडली. मीही तोंड फिरवलं. वर्दीतल्या माणसानं रडू नये असा काही नियम नाही, पण सवय नसते.

दुसरीकडे उभी असलेली ती तरुण आई हुंदके देत पुढे आली आणि नुसते हात जोडून उभी राहिली.

पुढचं रीतसर झालं. डांबून ठेवणं, मारहाण, अफवा पसरवणं, सगळ्याचा गुन्हा दाखल झाला. बाई तक्रार द्यायला घाबरत होती. अध्यक्षबाईच म्हणाल्या, "दे. नाही तं उद्या डोंगरातली एक बाई घराभाईर पडनार नाही, अन् गट बसून जाईन." जबाब मी स्वतः समोर बसून लिहून घेतला. जिथं जिथं 'उचल' शब्द आला तिथं तिथं लेखनिकाला अर्थ फोडून लिहायला लावला. तो वैतागला. म्हणाला, "साहेब, मराठीच आहे ना, कोर्टाला कळेल." मी म्हटलं, "त्या शंभर जणांनाही मराठी येत होतं. लिही."

या प्रकरणानं मला काय शिकवलं? कबुलीजबाब ऐकला की आम्हा पोलिसांना हायसं वाटतं. त्यानंतर मी कबुली ऐकली की आधी विचारायचो, बाबा रे, तुझ्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय? काही तपास त्यामुळे लांबले, वरिष्ठांनी झापलं. झापू देत.

गट बसला नाही. निवृत्तीनंतर ठाण्याला बचत गटांच्या प्रदर्शनात बायकोबरोबर गेलो होतो. एका स्टॉलवरून भाजलेल्या कॉफीचा वास आला आणि पाहिलं तर तीच. ड्रम मोठा घेतला होता, मराठी सुधारलं होतं, ओठावर बारीकसा व्रण होता. मला पाहून हसली, कॉफी दिली, पैसे घेईना. "साहेब, आता बारदान कुरिअरनं येते," म्हणाली.

आम्ही बोलत असतानाच स्टॉलसमोर एक लहान मूल धावता धावता पालथं पडलं. आईवडील पुढच्या स्टॉलवर भाव करत होते. मूल भोकाड पसरून रडायला लागलं. ती झटकन टेबलामागून बाहेर आली, वाकली, हात पुढे केले आणि तिथंच थांबली. दोन्ही हात मागे घेतले. इकडे बघ, तिकडे बघ. "कोनाचं हाय? कोनाचं हाय जी?" असं नुसतं विचारत राहिली. मूल तिच्या पायाशी रडत होतं.

शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आता पोलीस नव्हतो, पण तिच्यासाठी होतो.

"उचल गं पोरी," मी म्हटलं. "मी आहे इथं."

मग तिनं उचललं.