प्रज्योतच्या पहिल्या कंपनीचा कौल

हेवी लायसन हातात पडल्यापासून कृष्णाबाईचा प्रज्योत जमिनीवर चालायचंच विसरला होता. जेवायला बसला की डावा हात आपोआप गिअर टाकायचा, आणि गल्लीतून वळताना तोंडाने इंडिकेटर द्यायचा. पोयनाडच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या त्या गावात मिठागरावर राबणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पायीच हिंडलेली. याला मात्र दहाच्या खाली चाकं मोजताच येत नव्हती म्हणा ना!

आता लायसन आलं, तर गाडी नको? म्हणून दोन कंपन्यांत विचारून झालं. दोन्हीकडून होकार आला आणि तिथेच घोडं अडलं.

पहिली सागरमाया ट्रान्सपोर्ट. थळहून खताची पोती भरायची, नागोठण्याच्या बाजूला टाकायची, संध्याकाळी घरी. गाडी इतकी जुनी, की हॉर्न दाबला की वायपर फिरायचा, आणि वायपर लावला तर काय व्हायचं ते कुणी सांगायला तयार नव्हतं. दुसरी भरारी रोडवेज. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि थेट इंदूर, जयपूर! कोरी गाडी, एसी केबिन. पण घरी यायचं महिन्यातून दोनदा, तेही जमलं तर.

प्रज्योतचा जीव भरारीत अडकला होता. रात्री झोपेत तो जयपूरला पोचून यायचा. पण हे आईला सांगणार कोण? बाप गेल्यापासून घरात माणसं दोनच. एक गेलं तर उरलेल्याने भांडायचं कुणाशी?

कृष्णाबाईने भरारीच्या मॅनेजरला स्वतः फोन करून चौकशी केली होती. "जयपूरला बोंबील भेटतात काय?" मॅनेजर म्हणाला, "नाही हो मावशी." झालं! तिच्या लेखी ती कंपनी बुडाली.

आता या गावात म्हैस घ्या, सून आणा, नाहीतर मोटारसायकल बदला, बहिरीदेवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. कौल लावायचा. देवाच्या उजव्या-डाव्या खांद्यावर पाण्याने फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि कुठली आधी पडते ते बघत बसायचं. ठरलं, उजवीकडे सागरमाया, डावीकडे भरारी. जी पाकळी आधी पडेल, ती कंपनी.

आदल्या संध्याकाळी कृष्णाबाई पदराखाली नारळ लपवून हरेश्वर गुरवाच्या दारात. "भाऊ, डावी पाकली जरा घट्ट बसवा. पोरगा लांब गेला तर मी जगाची न्हाय." ती वळते न वळते, तोच मागच्या दाराने प्रज्योत हजर. त्याच्याकडे दोन नारळ! "काका, उजवी तेवढी मन लावून चिकटवा." हरेश्वरने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्याने तिन्ही नारळ ठेवून घेतले, आणि सकाळी दोन्ही पाकळ्या शिळ्या भाताच्या खळीने चिकटवल्या. त्या खळीने पत्रिका डकवली असती तर लग्न मोडल्यावरच निघाली असती.

कौल लागला. हरेश्वरने गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या जागच्या जागी. पुन्हा गाऱ्हाणं, घंटा, शंख. ढिम्म! जमलेली मंडळी अंग मोडून आळस देऊ लागली. शेजारचा सुजित म्हणाला, "देवालयात नेटवर्क नसंल." त्याला म्हाताऱ्यांनी डोळे वटारून गप्प केला. दोन्ही कंपन्यांचे फोन आळीपाळीने वाजत होते, कारण दोघांना आजच उत्तर हवं होतं. प्रज्योत "पाच मिनिटात सांगतो" असं सांगून सांगून घामाघूम. हरेश्वर टोपीने देवाला वारा घालू लागला. वर "उकडतंय ना देवाला," म्हणायचा.

शेवटी खळी सुकली, आणि टप्पकन उजवी पाकळी खाली आली.

"उजवा! उजवा!" सगळा गाव ओरडला. कृष्णाबाईने हात जोडले, कपाळ उंबऱ्याला टेकवलं. जिंकली की बाई! मान वर करून तिने लेकाकडे पाहिलं. प्रज्योत हसत होता. दात सगळे दिसत होते, पण डोळे डाव्या पाकळीवरून हलत नव्हते.

"बरं झालं आये," तो म्हणाला. "रोज घरीच जेवीन." आणि त्याने सागरमायाला फोन लावायला मोबाईल काढला.

कृष्णाबाईने ते हसू ओळखलं. हा पोरगा खोटं बोलायचा तेव्हा लहानपणापासून असाच हसायचा. पेरू चोरला तेव्हा, बाप गेला तेव्हासुद्धा. आता हा आयुष्यभर असा हसत घरी जेवायला येणार?

"ठेव तो फोन!" ती कडाडली. "हा कौल न्हाय. वाऱ्याने पडली पाकली. भाऊनी टोपी हलवली, मी बघितली!"

"अगो वैनी, देवाचा शब्द हाय," हरेश्वर कळवळला. नारळ एक तिचाच, आता बिचाऱ्याला कुठली बाजू घ्यावी कळेना.

"देवाला कंपनीतला काय कलतंय? त्याने कवा ट्रक चालवलाय? त्याच्याकडं लायसन तरी हाय काय?" कृष्णाबाई लेकाकडे वळली. "लाव त्या भरारीवाल्याला."

प्रज्योतने नंबर लावून स्पीकर चालू केला, तसा तिने मोबाईल त्याच्या हातातून ओढून घेतला.

"हॅलो, प्रज्योत? काय ठरलं?"

"न्या पोराला. जयपूरला न्या, दिल्लीला न्या." तिने मोबाईल तोंडाच्या आणखी जवळ धरला. "पन परत आनून सोडाल ना?"

मॅनेजर हसला. "अहो मावशी, आम्ही कोण आणणार? गाडी तर त्याच्याच हातात असणार."

कृष्णाबाईने फोन बंद केला.  मग लेकाकडे वळून म्हणाली, "आयकलास ना? तुलाच परत याचं हाय."