पगडीचं दुसरं टोक

नांदेडच्या शीख वस्तीतल्या एका म्हाताऱ्या सरदारजींवर मी माहितीपट करते आहे. हाताखाली कुणी नाही; कॅमेरा मीच, आवाजही मीच. आज सकाळी त्यांचं पगडी बांधणं टिपायचं होतं. तिपाईवरचा कॅमेरा सुरू केला, तेवढ्यात ते म्हणाले, "ताई, हे टोक धरा जरा. आमची घरची धरायची. ती गेल्यापासून दाराच्या कडीला बांधतोय."

निळं कापड खोलीभर ताणलं गेलं. आम्ही दोघं मिळून त्याची घडी घालत होतो आणि मध्येच त्यांच्या डोक्यावरची केसांची गाठ सुटली. पांढरे केस खांद्यावर उतरले. घरच्यांखेरीज कुणी न पाहिलेले. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. तो बंद करायला जावं, तर कापड जमिनीला लागणार.

"चालू आहे का ते?" त्यांनी विचारलं.

"हो. पुसून टाकते."

"राहू द्या. तुम्ही आमच्याच की."

मी तेव्हा खरी घाबरले. हे चित्र उद्या कुठल्या पडद्यावर, कुणाच्या मोबाइलवर जाईल? कुणी त्याला हसेल. कुणी एवढाच तुकडा कापून त्याखाली भलतंच काही लिहील. तिथे समजावून सांगायला सरदारजी नसतील, मीही नसेन. आणि त्यांनी तर फक्त माझ्याकडे पाहून 'राहू द्या' म्हटलं होतं.

घडी पुरी झाली.

"सोडा आता, ताई," ते म्हणाले.

माझी बोटं उघडेनात.