मोरीची जाळी

कुशाबाईंना किळस फार. किती, तर कुणाच्या घरी चहा आला की त्या कपाचा कान आधी पदराने पुसणार, मग कप नाकाशी नेणार आणि तसाच खाली ठेवणार. "आत्ताच घिऊन आले," हे त्यांचं वाक्य गावाला पाठ झालं होतं. घोड नदीच्या काठच्या त्या गावात वरच्या आळीला त्यांचं घर. श्रावणात भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या सुरू झाल्या की त्यांच्या विकायच्या मासवडीला उसंत नसायची. बेसन शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, गुंडाळून वड्या कापायच्या. सोबतीला बोटभर तेलाचा तवंग असलेला रस्सा. बाईच्या हाताला चव होती, ते नाकारून चालणार नाही.

मोरी त्यांनी पांढऱ्या फरश्या लावून अशी लखलखीत ठेवली होती की पाव्हण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायच्या. सासूबाई होत्या तोवर भांडी राखेने घासली जायची, राख तेल ओढून घ्यायची आणि पाणी परसातल्या अळवाला जायचं. पुढे गावात बंद गटार आलं, अळू गेलं, राखही गेली. मोरीच्या भोकावर तेवढी एक जाळी राहिली होती. तिच्यात शितं, कांद्याची सालं, केसांची गुंतवळ आणि बेसनाचा बुळबुळीत लगदा अडकायचा, आणि तो रोज बोटांनी उपसावा लागायचा. ते उपसताना कुशाबाई नाकाला पदर लावून मान फिरवायच्या. एके दिवशी त्यांनी ती जाळीच काढली आणि उकिरड्यावर फेकून दिली.

मग काय विचारता. कढईला तेलाचा थर बसलाय? ओता उकळतं पाणी. रस्सा उरलाय, खवट झालाय? जाऊ दे मोरीत. थापून थापून फडकं विरलं, धुताना हातातून निसटलं? गेलं तर गेलं. फडक्यांना तोटा नव्हताच. लेकीच्या लग्नात विहीणबाईंनी मानाचं म्हणून नेसवलेलं मोरपंखी काठाचं सुती लुगडं कुशाबाईंना जाडंभरडं वाटलं होतं. तेच फाडून त्यांनी मासवडीची फडकी केली होती.

उकळत्या पाण्यासोबत पातळ झालेलं तेल पुढे जाऊन थंड होतं आणि गटाराच्या पोटाला चिकटून बसतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नाही. डोळ्यांआड गेलं ना, मग ते संपलं. गावातल्या निम्म्या घरांचा कारभार असाच चालतो, म्हणून एकट्या कुशाबाईंना तरी किती बोलणार. पण त्यांचा तोरा बघितला की बोलावंसं वाटतं.

उतारावरच्या खालच्या आळीत त्यांची लेक वृषाली नांदत होती. गावातलीच सोयरीक. बाळंतपण माहेरी झालं आणि आरोहीला घेऊन ती सासरी परतली, त्याला जेमतेम महिना झाला होता. नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीला तेवढा यायचा. घरात सासू सारजाबाई आणि सासरे हौशीराम. दोघांचा सगळा जीव त्या नातीत. आणि त्यांनाही कुशाबाईंनी सोडलं नव्हतं. नातीला बघायला आल्या की सारजाबाईंनी पोरीला घेण्याआधीच त्यांचा आवाज यायचा, "आधी हात धू." म्हाताऱ्या विहिणीला, तिच्याच घरात, तेही एकेरी. सारजाबाई मुकाट्याने उठून हात धुवायच्या.

त्या सोमवारी सकाळी वृषाली आरोहीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. मोरीच्या भोकातून गुडगुड आवाज आला आणि काळं पाणी वर चढायला लागलं. त्यावर पिवळट चरबीच्या कवड्या तरंगत होत्या, आणि वास असा की डोळे चुरचुरावेत. वृषालीने पोरीला तसंच साबणासकट उचललं, बाहेर धाव घेतली आणि आईला फोन लावला.

कुशाबाई नाकाला पदर लावूनच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"शी. इहीणबाई, काय ही घाण? हितं माणसं ऱ्हात्यात का जनावरं?"

"आमी मोरीत शीतसुदीक जाऊ देत न्हाई," सारजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कढई बी आदी कागदानं पुसून घेती मी."

"मंग हे काय आभाळातनं पडलं? वृषाली, पिशवी भर. हे नीट होईस्तवर तू आन आरोही माझ्याकडं. आन खरं सांगू का, पोरगी मोठी व्होईस्तवर तिकडंच ऱ्हा. असल्या घाणीत माझी नात न्हाई वाढायची."

सारजाबाईंचा चेहरा उतरला. महिन्याभरात घराला घरपण आलं होतं, ते असं एका पिशवीत भरून निघालं होतं. वृषाली आईकडे बघत होती, सासूकडे बघत होती, आणि आरोहीला कडेवर धरून एका हाताने लंगोट पिशवीत कोंबत होती.

हौशीरामांनी पहार आणली आणि दारासमोरच्या चेंबरचं झाकण उचकटलं. आत पाहिलं आणि तोंड फिरवून थुंकले. चेंबर तोंडापर्यंत भरलं होतं. वर पिवळसर पांढरा, खव्यासारखा रवाळ थर, त्यात केस, शेंगांची टरफलं आणि काळी पडलेली सालं. हौशीरामांनी तारेचा आकडा आत घातला, ओढला, पुन्हा ओढला. फसकन आवाज होऊन एक गोळा वर आला आणि अख्ख्या आळीत सडक्या तेलाचा दर्प सुटला. शेजारीपाजारी दारात आले.

"बघा, बघा समदी," कुशाबाई म्हणाल्या. "कुनाची घाण हाय ती दिसू द्या गावाला."

गोळा फुटला. त्याच्या पोटातून एक चिंधी लोंबली. बेसनाने लिबलिबीत झालेली, पण एका कडेला मोरपंखी काठ अजून ओळखू येत होता.

कुशाबाईंनी तो सगळ्यांच्या आधी ओळखला. आणि ज्या बाईला जाळीतलं शीत उपसवत नव्हतं तिने खाली वाकून दोन्ही हातांनी ती चिंधी धरली आणि परत चेंबरात दाबायला सुरुवात केली. मनगटापर्यंत हात आत गेले. तेवढ्यात आकड्याला अडकून मागचं दुसरं फडकं आलं, त्यामागे तिसरं. सगळ्यांना तोच काठ.

सारजाबाई जवळ आल्या. त्यांनी नाकाला पदर लावला नाही.

"हे मी तुमाला नेसवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "लग्नात."

शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. वृषालीने पिशवी खाली ठेवली, लंगोट परत बाहेर काढले आणि दोरीवर वाळत घातले.

"वृषाली, चल ना गं," कुशाबाई म्हणाल्या. आवाजातला तोरा पार गेला होता. "आन तिला हिकडं." सवयीने त्यांनी नातीसाठी हात पुढे केले.

बोटांवरून तो पांढरा लगदा ओघळत होता. वृषाली एक पाऊल मागे सरली आणि आरोहीला तिने सासूच्या कडेवर दिलं.

"मी नाय येत, आई. हे तुझ्याकडनंच येतंय," ती म्हणाली. "आन आधी हात धू."

कुशाबाई हात तसेच अंगापासून लांब धरून मोरीकडे वळल्या. निम्मा गोळा अजून गटाराच्या नळातच होता आणि मोरी काठोकाठ तुंबलेली होती.