निळ्या पंपाची फवारणी

आमच्याकडे द्राक्षबागेत रोग दिसायची वाट कुणी बघत नाही. आभाळ भरून आलं की आधीच फवारणी. आईने हाच न्याय स्वतःच्या दम्याला लावला. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. निळा फक्त दम लागला तर ओढायचा, तपकिरी रोज. तपकिरीने लगेच काही वाटत नाही म्हणून तो फळीवर गेला. आणि झेंडू तोडायला निघताना निळा, चहाआधी निळा, रस्त्यात धूळ लागेल म्हणून निळा. मी चिडायचे.

"तू नको शिकवू. बागा मी राखल्यात," ती म्हणायची.

मग निळा चालेनासा झाला. एका सकाळी ती झेंडूच्या सरीत खाली बसली. पंप ओढत राहिली, दम सुटेना. कशीबशी शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात नेली. वाफ दिल्यावर तिला बोलता आलं. मला एकच भीती होती, पुढच्या वेळी आम्ही इथवर पोचलो नाही तर?

डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मी आ वासून ऐकलं. श्वासनलिकेच्या अस्तरात शरीराच्या राखणदार पेशी असतात. फुलांचे परागकण आले की त्या खवळतात आणि नळ्या आवळतात. निळं औषध नळ्या सैल करतं, या पेशींनाही शांत करतं. पण औषध धरायला पेशीच्या अंगावर बारीक जागा असतात. ते सारखं येत राहिलं, की पेशी त्या जागा आत ओढून घेते. मग औषध कितीही येवो, ती दाद देत नाही.

"रोज मरे त्याला कोण रडे," पलंगावरून आई म्हणाली. "त्यांचंबी बरोबर हाय."

डोळ्यांना न दिसणारा एवढासा जीव, आणि पुरे झालं हे त्याला कळतं. त्याहून नवल पुढे होतं. तपकिरी पंप नेमाने घेतला आणि निळा गरजेपुरता ठेवला, तर पेशी त्या जागा पुन्हा तयार करतात.

आईने ऐकलं, कुरकुरत का होईना. दसऱ्याच्या तोडीला, फुलांची पाटी भरताना तिला परत दम लागला. तिने निळा ओढला. गाडीची किल्ली मुठीत धरून मी तिच्या छातीकडे बघत राहिले. घरघर हळूहळू विरली, खांदे खाली आले. तिच्या आत किती पेशींनी ते औषध पुन्हा आपलं म्हटलं असेल, देव जाणे. मला रडूच फुटलं.

"रडती कशाला," आई म्हणाली. "पाटी धर."