मिठाचे डॉक्टर आणि आत्याबाईंनी भरलेला कॅन

आमच्या घरादाराची लघवी तपासणारे डॉक्टर आज सकाळी गेले.

हसू नका. हृदयाच्या दुखण्यावर त्यांनी आयुष्य घातलं. पेपरात 'थोर संशोधक' म्हणून छापून येईल. आमच्या कडेगावकडं सगळे त्यांना 'मिठाचे डॉक्टर' म्हणायचे.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असंल. मी नवी सून.

जास्त मीठ खाल्लं की बीपी वाढतं का, आन् त्यानं हृदय थकतं का, हा त्यांचा रिसर्च. त्यासाठी गावातल्या बाप्यांना एकेक प्लास्टिकचा कॅन दिला.

"दिवसरात्रीची सगळी लघवी ह्यात साठवा. सांगलीला लॅबमध्ये तपासली की कळेल, किती मीठ खाता ते."

बायकांना कॅन नव्हता. बायकांना कोण विचारतंय!

दुसऱ्या दिवशी जीप यायच्या आधी माझ्या सासूबाई शेजाऱ्याचा कॅन बघून आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. रोज डेअरीला दूध घालणारी बाई ती. नजर कायम मापावर.

"त्यांचा गळ्यापतूर भरलाय. आन् आपला निम्मा? लोकं काय म्हणतील!"

कॅन घेऊन न्हाणीत गेल्या. भरून बाहेर आल्या.

आठवड्यानं डॉक्टर जीप पळवत दारात.

"कुठाय तो माणूस? एवढं मीठ खाऊन जिवंत कसा?"

आमचे हे रानात नांगर धरून होते. बोलावून आणलं. बीपी बघितलं. ठणठणीत.

पुन्हा बघितलं. ठणठणीत.

डॉक्टर डोकं धरून कट्ट्यावर बसले. "खरं सांगा, ह्यात अजून कुणाची होती?"

आत्याबाई आढ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हटलं, "आवं डॉक्टर, आत्याबाईंनी हातभार लावला."

आत्याबाई उसळल्या, "मग काय झालं? घरचीच हाय. पाणी तर न्हाई घातलं!"

डॉक्टर आधी भडकले. मग हसत सुटले. हसता हसताच त्यांनी बीपीचा पट्टा आत्याबाईंच्या दंडाला गुंडाळला.

आन् हसायचे थांबले.

"आजी, डोकं दुखतं का?"

"सून आल्यापास्नं दुखतंय."

मला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच राहिलं तर ह्या कधीही जातील."

माझे सासरे असेच गेले होते, धार काढता काढता. तवा गाव म्हणालं, भायेरची बाधा झाली.

गोळ्या सुरू झाल्या. मिठाची बरणी मी लपवली. त्यावरनं आत्याबाईंनी माझ्या अख्ख्या माहेराचा उद्धार केला.

पुढच्या खेपेपासनं डॉक्टरांनी बायकांचंबी बीपी बघायला घेतलं. चुलीपुढनं उठवून. गावातल्या किती सासवा गोळीवर आल्या म्हणून सांगू! सुना डॉक्टरांवर लय नाराज.

आत्याबाई त्यानंतर लय वर्षं जगल्या. मला रोज टाकून बोलल्या.

मला आई न्हवती. माझी तिन्ही बाळंतपणं त्यांनीच केली.

डॉक्टर, निवांत जावा. आमच्या घराचा तुम्हाला मनापासनं नमस्कार.