गुरुवारचं पाणी

आमच्या घराण्यात कुणी कधी स्वतःचा भाव ठरवला नाही. आजोबा तहसील कचेरीत, वडील पाटबंधारे खात्यात. दोघांचे पगार सरकारने ठरवले आणि दोघांनी ते निमूट घेतले. मी मात्र चाळिशीत चांगली नोकरी सोडून सल्लागार झालो. म्हणजे कारखान्यांतलं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रं रोजावर सांभाळू लागलो. मग दर वर्षी स्वतःची किंमत स्वतःच्याच तोंडाने सांगायची पाळी माझ्यावर आली. त्या कामात मी पहिल्यापासून ढ होतो, आणि अजूनही आहे.

चितेगावच्या एका कारखान्याशी माझा करार होता. आठवड्याचे चार दिवस, रोजाचे बाराशे रुपये, मुदत एक वर्ष. मालक पिशोरकडचे, मोठ्या बागायतदार घरातले, साधारण माझ्याच वयाचे. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मला 'सर' म्हणत आणि चार लोकांत 'हे आपले घरचे माणूस' अशी ओळख करून देत. घरचा माणूस ही फार वाईट पदवी आहे. कामगाराला ओव्हरटाइम मिळतो, ठेकेदाराला आगाऊ रक्कम मिळते, घरच्या माणसाला मालकाच्या डब्यातली वांग्याची भाजी मिळते. भाजी उत्तम असायची, त्याबद्दल तक्रार नाही.

करार नवा व्हायचा तो खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यातली यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची. पूजा झाली की आम्हा करारावरच्या लोकांना मालक एकेक करून बोलवत. आधी हातावर पेढा, मग नारळ, मग पाकीट. पाकिटात गेल्या वर्षीचाच कागद, फक्त तारीख नवी. सही तिथेच करायची, पूजेच्या ताटाशेजारी, सगळ्यांच्या देखत. तोंडात पेढा आणि हातात नारळ असताना घासाघीस कोण करणार? मी तीनदा तशीच सही केली. तेवढ्या काळात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या प्लंबरचा रोज माझ्याहून शंभराने जास्त झाला. ही गोष्ट बायकोला सांगायची मी चूक केली, कारण त्यानंतर ती त्याला 'मोठे साहेब' म्हणू लागली.

मधल्या काळात दुष्काळ पडला. धरण तळाला गेलं, कारखान्यांच्या पाण्याला कात्री लागली आणि वापरलेलं पाणी पुन्हा वापरण्याला एकदम मोल आलं. म्हणजे खरं तर मला मोल आलं. पण माझी दुसरी दोन गिऱ्हाइकं, छोटे कारखाने, त्याच पाण्यापायी बंद पडली. राहिला तो चितेगावचा एकच. ज्या वर्षी मी महाग व्हायला हवा होतो, नेमका त्याच वर्षी मला जायला दुसरीकडे जागा उरली नाही.

घरीही पाण्याचीच बोंब. आम्ही बीड बायपासच्या पलीकडे नव्या वसाहतीत कर्ज काढून रो-हाऊस घेतलं होतं. शहर त्या बाजूला असं वाढत होतं की सकाळी ज्वारीचं रान दिसावं आणि संध्याकाळी तिथे प्लॉटचे दगड रोवलेले असावेत. घरं आली, दुकानं आली, नळ काही आला नाही. बोअर आटली. एक दिवस कारखान्याच्या आवारात मालकांशी बोलता बोलता मी सहज म्हणालो, की दहा दिवस झाले, आमच्या हौदात थेंब नाही. मालक चुकचुकले. टँकरचा ड्रायव्हर शेजारीच उभा होता, टायर तपासत.

हा ड्रायव्हर जुन्या शहरातला, पन्नाशीचा, हडकुळा. बायपासजवळच्या एका विहिरीवरून टँकर भरायचा आणि चितेगावला आणून रिकामा करायचा, हे त्याचं काम. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तोच टँकर आमच्या फाटकाशी उभा राहिला. ड्रायव्हर काही बोलला नाही. पाइप हौदात सोडला, चौथाईभर पाणी उतरवलं आणि बाकीचं घेऊन कारखान्याकडे गेला. पुढच्या गुरुवारी पुन्हा आला. आमचा हौद भरू लागला, शेजारच्या दोन घरांतल्या बाया कळशा घेऊन येऊ लागल्या. मालकांनी शब्द न बोलता एवढं केलं, हे पाहून मला खरोखर गहिवरून आलं.

कारखान्यात रोज किती पाणी उतरलं ते वहीत लिहून सही करणं माझ्याकडेच होतं. गुरुवारचा टँकर चौथाईने कमी यायचा. मी पूर्ण लिहायचो. मालकांनीच माझ्या घरी पाठवलेलं पाणी, ते कमी दाखवून उगाच कुणाला चौकशी करायला कशाला लावा, असा माझा हिशेब. पहिल्यांदा लिहिताना हात जरा अडखळला, नंतर सवय झाली.

आणि तिथे मी अडकलो. दराचा विषय मनात आला की डोळ्यांसमोर टँकर उभा राही. रोजाचे सहाशे वाढवून मागायचे आणि मालकांनी हसत हसत पाणी बंद करायचं, मग? बायको आधी 'मागा, मागा' म्हणायची, तीही टँकर सुरू झाल्यावर म्हणाली, पाणी येतंय तोवर गप्प बसा. दोन उन्हाळे आम्ही गप्प बसलो. कारखान्यात मालक समोरून आले की माझी मान आपोआप किंचित खाली जायची. मला स्वतःचा राग यायचा, मालकांचा यायचा, कधी कधी त्या निरपराध हौदाचाही यायचा.

मग मुलीला पुण्याला प्रवेश मिळाला. तिथली फी आणि वसतिगृह बाराशे रुपये रोजात बसत नव्हतं, कसंही ओढलं तरी बसत नव्हतं. बायको एका संध्याकाळी शांतपणे म्हणाली, "पाणी मी डोक्यावरून आणीन. तुम्ही दराचं बोला." तिच्या त्या शांतपणाची मला भीती वाटली. मी ठरवलं, या वेळी खंडेनवमीची वाट पाहायची नाही. आदल्या दिवशी, पेढ्याच्या आधी गाठायचं.

त्या वर्षीही पाऊस कोरडाच गेला होता. आवारात यंत्रं धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं चाललं होतं. मी पंपाजवळ उभा राहून वाक्य घोकलं. वडील लोकांना अर्ज लिहून द्यायचे, त्यांचा एक नियम होता: पहिल्या ओळीत आधीचे उपकार मानावेत, विनंती दुसऱ्या ओळीत करावी, साहेबाला वाटतं, माणूस कृतज्ञ आहे, मग तो पुढचं वाचतो. मीही तसंच ठरवलं. आधी पाणी, मग दर.

मालक केबिनमध्ये एकटेच होते. बसा म्हणाले. मी बसलो आणि घोकलेलं म्हणून टाकलं.

"साहेब, गेली दोन वर्षं तुम्ही आमच्या घरी पाणी पाठवता, त्याचे उपकार आहेतच. पण या वेळी दराचं थोडं..."

"कुठलं पाणी?" मालक म्हणाले.

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांतले सगळे गुरुवार एकदम आठवले, वहीतला प्रत्येक पूर्ण टँकर आणि त्याखालची माझी सही. खोटं बोलायला हवं होतं. विकतचं पाणी म्हणता आलं असतं, जिभेची चूक म्हणता आली असती. पण आमच्याकडे खोटं बोलायचं तेही आदल्या दिवशी घोकून. मी खरं तेच म्हणालो, "ते... गुरुवारी टँकर येतो ते."

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. टँकर तिथे उभा होता, ड्रायव्हर बॉनेटला झेंडूची माळ बांधत होता. मालक बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली. पाण्याच्या वह्या त्यात असायच्या. ते उठले नाहीत. उठण्याची गरज नव्हती, एवढं त्यांना कळलं होतं आणि त्यांना कळलं हे मला कळलं.

"व्हय व्हय, ते पाणी," ते हळूच म्हणाले. "माझ्या ध्यानातूनच गेलं होतं बघा. येऊ द्या की. घरच्या माणसाला पाणी नाय द्यायचं तर कुणाला द्यायचं? मी सांगतो ड्रायव्हरला, गुरुवार चुकवू नको म्हणून."

मी मान हलवली. मग मालकांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "दराचं काय म्हणत होते सर?"

"काही नाही," मी म्हणालो.

कागदावर बाराशेच होते. मी सही केली. आभारही मानले. ते तर मला अजून खुपतं, की आभार मानायला मला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या पूजेला वहिनींना घेऊन या, असं ते मागून म्हणाले, आणि मी 'हो, हो' करत बाहेर आलो.

सरळ टँकरकडे गेलो आणि ड्रायव्हरला विचारलं, माझ्या घरी पाणी टाकायला तुला कुणी सांगितलं होतं? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कुणी सांगितलं म्हणजे? त्यानेच आणलं होतं. त्या दिवशी टायर तपासताना माझं बोलणं त्याने ऐकलं, बस. मी म्हणालो, मला वाटलं मालकांनी पाठवलं, आणि आत्ता मी मालकांचे आभार मानून आलो. त्याच्या हातातली माळ तशीच राहिली.

"मालक कू बोले? कायकू बोले साहब?"

मग त्यानेच सांगितलं, मी साफ विसरून गेलेलं. मी कारखान्यात आलो त्या पहिल्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. टँकर रिकामा व्हायला पाऊण तास लागायचा आणि त्यात त्याचा घरी पोचून रोजा सोडायचा वेळ टळायचा. मी त्याला म्हणे महिनाभर आल्या आल्या दुचाकीवरून घरी पिटाळलं होतं आणि पाइप धरून स्वतः उभा राहिलो होतो. मला आठवलं ते एवढंच, की तेव्हा मला संध्याकाळी घरी जायचा कंटाळा यायचा.

"तुम मेरा पाईप पकडे थे," तो म्हणाला. "वो मैं भूलूं क्या?"

मला वाटलं होतं, त्याची नोकरी जाणार. गेली नाही. मालकांनी त्याला बोलावून फक्त एक नवी पावती-वही दिली. दोन दिवसांनी गुरुवार होता. टँकर आला, नेहमीच्याच वेळेला. ड्रायव्हर खाली उतरला, पाइप सोडला, हौद काठोकाठ भरला; इतका तो कधीच भरला नव्हता. मग त्याने वही पुढे केली. त्यावर माझं नाव, लिटर आणि खाली छापलेलं, 'मालकांच्या आदेशावरून'. मी पेन शोधत होतो तेव्हा तो हौदाकडे पाहत म्हणाला, "अच्छा हुआ साहब. अब मेरा कुछ नहीं इसमें."

मी त्याचा हात धरायला हवा होता, काहीतरी बोलायला हवं होतं. शेजारणी कळशा घेऊन उभ्या होत्या, पाणी वाहून चाललं होतं. मी वही गुडघ्यावर ठेवली आणि सही केली.