डाव्या खांबापासून सहा ढांगा

नोरीन ऑग्डेनला नुसतं कामावरून काढलं असतं, तर तिनं ते एवढं मनाला लावून घेतलं नसतं. तेहतीस वर्षं तिनं ब्रॅकशॉ टाउनच्या मैदानावर चहाची खिडकी सांभाळली. खेळाडूंचे चिखलानं भरलेले शर्ट घरी नेऊन धुतले, वाळवले. त्या शर्टांच्या आतली बरीचशी पोरं धड गोल करणारी नव्हती, तरी धुतले. क्लब इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या पायरीवरचा. वर चढला तर पेपरात चार ओळी, घसरला तर दोन. तिची त्याबद्दलही कधी तक्रार नव्हती.

पण मैदान खणायचं म्हणजे काय?

फेब्रुवारीत पाच सामने चिखलापायी रद्द झाले, तेव्हापासून नवा मालक क्रेग विटेकर प्लास्टिकच्या गवताचं बोलायला लागला होता. मोटारींच्या शोरूममधून फुटबॉलमध्ये आलेला माणूस. त्याला मैदान बाराही महिने कामाला लावायचं होतं. शेवटचा सामना संपला की खोदकाम आणि चहाची खिडकी बंद, अशी चिठ्ठी त्यानं एका सोमवारी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवली. नोरीननं ती वाचली तेव्हा तिच्या हातात ओल्या मोज्यांची बादली होती. वाचून झाल्यावरही ती बादली खाली ठेवायचं तिच्या लक्षात आलं नाही.

उत्तरेकडच्या गोलच्या मागेपुढे त्रेचाळीस माणसं पुरलेली होती.

माणसं म्हणजे त्यांची राख. ब्रॅकशॉत जन्मभर ज्यांनी त्या गोलमागं उभं राहून शिव्या घातल्या, त्यांना मेल्यावरही तिथंच राहायचं असे. नोरीनचा नवरा क्लिफर्ड सव्वीस वर्षं मैदानाची निगा राखत होता. पहिल्यांदा एका विधवेनं अख्खा डबा गोलपुढं ओतला, आणि महिन्याभरात तिथलं गवत जळून तव्याएवढा पिवळा डाग पडला. मग क्लिफर्डनं नियम केला. माणशी एक चहाचा मग. फावड्यानं गवताचा चौकोन कापायचा, मगातली राख ओतायची, वर मूठभर वाळू, चौकोन जागच्या जागी बसवायचा आणि टाचेनं दाबायचा. "उरलेला नवरा घरी न्या," असं तो बायांना तोंडावर सांगायचा. आणि वहीत लिहायचा, पेन्सिलनं: आर्नल्ड टॅटरसॉल, डाव्या खांबापासून सहा ढांगा, मग उजवीकडे दोन.

ती वही घेऊन नोरीन क्रेगच्या ऑफिसात गेली. क्लबचा सेक्रेटरी लेस तिथंच होता, बिस्किट चहात बुडवत.

"नोरीन, तुमच्या भावना मला समजतात," क्रेग म्हणाला.

"भावना राहू देत. माती कुठं टाकणार?"

"ते कंत्राटदार बघेल. नव्या रस्त्याच्या भरावात जाईल बहुतेक."

"म्हणजे आर्नल्ड टॅटरसॉलच्या अंगावरून ट्रक जाणार. बरं दिसतं का ते?"

"हे बघा, याची कुठं लेखी नोंद नाही."

तिनं वही टेबलावर ठेवली. त्यानं ती बोटाच्या टोकानं उघडली, दुसऱ्याचा रुमाल उघडावा तशी. "हे पेन्सिलनं लिहिलंय."

"शाई पावसात पसरते. माझा नवरा बाहेर काम करायचा, शोरूममध्ये नाही."

तिनं एक रविवार मागितला. फक्त एक. प्रत्येकाची मगभर माती काढून ज्याच्या त्याच्या घरी द्यायची, की ती निघाली. क्रेग म्हणाला, विमा कंपनी परवानगी देत नाही. शेवटची शिट्टी वाजली की मैदान कंत्राटदाराच्या ताब्यात, पाच वाजता किल्ल्या जमा करायच्या, तिनंसुद्धा. "आपण एक छान पाटी लावू," तो म्हणाला. "सगळ्यांची मिळून एक."

नोरीन लेसकडे वळली. "तू तीन बैठकांपासून विषय काढणार आहेस. काढलास?"

लेसनं बिस्किट पुन्हा चहात बुडवलं.

"तुझा बाप एकोणिसावा आहे, लेस."

लेसचं बिस्किट तुटून चहात पडलं. ते काढायला त्यानं इतका वेळ लावला, की नोरीन निघून गेली तरी तो चमचा फिरवतच होता.

तिनं आठवडाभर फोन केले. कुणाला रागानं रडू आलं, कुणी क्रेगच्या सात पिढ्या काढल्या. तिनं सगळ्यांना एकच निरोप दिला: शनिवारी झाकणाचा डबा आणा.

शनिवारी ईस्ट मार्लेशी सामना होता. जिंकलं तर ब्रॅकशॉ सातव्या पायरीवर टिकणार, नाहीतर खाली. मध्यंतराला एक-शून्यनं पुढे होते. खिडकीसमोर रांग लागली, तेवढ्यात नोरीननं शटर खाली ओढलं.

"अगं नोरीन! खिम्याची पाई!"

"भट्टीत आहेत. हात आहेत ना? घ्या आपापल्या."

फावडं, मग आणि वही घेऊन ती कुंपणाच्या दारातून मैदानात शिरली. डाव्या खांबाला पाठ लावून सहा पावलं चालली, मग उजवीकडे दोन. चौकोन कापला. खाली नुसती पिवळी चिकणमाती. जरा बाजूला कापला. तिथंही काही नाही. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ढांगा क्लिफर्डच्या होत्या. सव्वासहा फुटी माणसाच्या. ती त्याच्या काखेखालून जाई.

"किती वेळा सांगितलं होतं, फूट-इंचात लिही म्हणून," ती मोठ्यानं म्हणाली. "सव्वीस वर्षं! ऐकेल तर शपथ."

ईस्ट मार्लेचा गोलरक्षक उत्तरार्धात त्या टोकाला खेळणार होता. तो लवकर येऊन हात झटकत होता.

"ए उंच्या, उंची किती तुझी?"

"सहा फूट तीन, बाई."

"चालेल. त्या खांबापासून सहा ढांगा टाक."

"मी? कशासाठी?"

"आर्नल्डसाठी. आणि मोजूनमापून नको. पावसात घरी निघाल्यासारखा चाल."

तो चालला. सहा, मग उजवीकडे दोन. नोरीननं तिथं फावडं मारलं. गवताखाली करडी, खरखरीत राख होती, वर क्लिफर्डची वाळू. कुंपणापाशी एका म्हातारीनं डब्याचं झाकण उघडलं. दुपारचं सँडविच होतं त्यात. ते तिनं तोंडात कोंबलं आणि डबा पुढे केला.

मग कुंपण ओलांडून माणसं येतच राहिली. फावडी दोनच होती. तिसरं, कोळशाचं, लेस घेऊन आला. नोरीननं वही त्याच्या हातात दिली, आणि तो गोलरक्षकाला नावं वाचून दाखवायला लागला. एकोणिसावं नाव त्यानं दोनदा वाचलं.

पंच आला. "बाई, मैदान सोडा. सामना रद्द करावा लागेल मला."

"खेळाडू जखमी होऊन पडला तर थांबता ना? इथं त्रेचाळीस पडलेत."

"रद्द झाला तर आपण खाली जाऊ, नोरीन!" स्टँडमधून कुणीतरी ओरडलं.

"हरायला पुढचं वर्षही आहे!"

पंचानं घड्याळ बघितलं, मग घड्याळ खिशात टाकलं.

क्रेग चांगले बूट चिखलात रुतवत धावत आला. "अहो, मैदान खराब करताय तुम्ही!"

मग गोलमागून जे हसू फुटलं ते पार दुसऱ्या टोकाला पोचलं. "सोमवारी मशीन काय केस विंचरायला येणार आहे का रे, विटेकर?"

उत्तरार्ध तेहतीस मिनिटं उशिरा सुरू झाला, सामना एक-एक सुटला आणि ब्रॅकशॉ खाली गेलं. त्यावरून नोरीनला अजूनही काही जण टोमणे मारतात. मारू देत, म्हणते ती.

पण खेळ पुन्हा सुरू होण्याआधी एक नाव उरलं होतं. लेसनं वहीचं शेवटचं पान उलटलं. "क्लिफर्ड ऑग्डेन. उजव्या खांबापासून नऊ." त्यानं गोलरक्षकाला खूण केली. तो बिचारा खांबापाशी जाऊन उभाही राहिला.

"बाजूला हो, पोरा," नोरीन म्हणाली. "ते पान मी लिहिलंय."

ती खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि चालली. नऊ. आखूड, तिची स्वतःची. चौकोन कापला, चहाचा मग भरला, अॅप्रनच्या टोकानं झाकला. सोमवारी मशीन येऊन सगळं उखडणार होतं. तरी तिनं गवताचा चौकोन जागच्या जागी बसवला आणि टाचेनं दोनदा दाबला.